पहिली पाने

मराठीच्या प्राध्यापकाला एखाद्या पुस्तकाचे नाव आठवू नये, ही गोष्ट तशी लाजिरवाणीच. कोणत्या कवीचा कोणता संग्रह कोणत्या साली निघाला, हे मी वर्गात न अडखळता सांगतो. (सकाळी काढून ठेवलेला चष्मा कुठे आहे ते मात्र सांगता येत नाही, असे घरच्या मंडळींचे म्हणणे, ते सोडा.) पण शाळेत वाचलेल्या एका कादंबरीच्या नावाने मला तीस वर्षांहून अधिक काळ छळले.

कथा थोडीफार आठवत होती. शाळकरी मुलांना घेऊन एक जहाज भर समुद्रात वाहत जाते. बरोबर एकही वडीलधारे माणूस नाही. मग एक निर्जन बेट, एक गुहा, गुहेजवळ सापडलेला माणसाचा सापळा. आणि पतंग! एवढा प्रचंड पतंग, की त्याला टोपली बांधून रात्रीच्या अंधारात एक मुलगा आभाळात चढतो आणि शत्रूची शेकोटी कुठे दिसते का, ते पाहतो. माझे बालपण येवल्यात गेले. आमच्याकडे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पोरे जेवायलासुद्धा गच्चीवरून खाली उतरत नाहीत. तेव्हा बाकी सारे विसरलो, तरी तो पतंग विसरणे शक्य नव्हते. लेखक कोण, मुलांची नावे काय, ते काही केल्या आठवेना. पुस्तकाला पहिली पानेच नव्हती, त्याला मी तरी काय करणार?

कॉलेजात चहाच्या वेळी मी हा प्रश्न टाकला, की जो तो आपल्या आवडीचे पुस्तक माझ्या गळ्यात बांधी. एकाने १७१९ सालचा रॉबिन्सन क्रूसो पुढे केला. त्या बिचाऱ्याच्या बेटावर शाळकरी मुले कुठली? दुसऱ्याने बॅलंटाइनचे 'कोरल आयलंड' सुचवले. ते १८५७ चे, आणि त्यात मुले अवघी तीन. इंग्रजीच्या बाईंनी मोठ्या खात्रीने गोल्डिंगचे नाव घेतले. पण 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' मधली मुले येतात विमानातून, आणि बेटावर एकमेकांच्या जिवावर उठतात. माझी मुले तशी नव्हती हो!

अखेर गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ज्यूल व्हर्न पाहिलात का?"

व्हर्न म्हणजे चंद्रावर जाणारा आणि समुद्राच्या पोटात फिरणारा, एवढेच मला माहीत. भा. रा. भागवतांनी तो मराठी मुलांच्या हाती दिला, त्या मुलांतला मीही एक. पण हा व्हर्न निराळा होता. तिने इंग्रजी भाषांतर आणून दिले. मूळ फ्रेंच कादंबरी १८८८ ची. नावाचा अर्थ 'दोन वर्षांची सुट्टी'. १८६० साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंड बंदरातून पंधरा मुलांसह वाहत गेलेले जहाज! सापळा होता. पतंगही होता. मी रात्री दोनपर्यंत वाचत बसलो.

आणि ज्या प्रसंगाशी थबकलो, तो मला मुळीच आठवत नव्हता.

जहाज आपोआप सुटलेले नसते. जाक नावाच्या मुलाने गंमत म्हणून त्याचा दोर सोडलेला असतो. तो हे आपल्या थोरल्या भावाजवळ, ब्रियाँजवळ, कबूल करतो. थोरला ते पोटात ठेवतो. पुढे पतंगातून वर जायची वेळ येते, तेव्हा धाकटा म्हणतो, मी जातो, आणि सर्वांदेखत आपला अपराध सांगतो. पण टोपलीत चढतो तो थोरला.

पतंग लक्षात राहिला होता. त्यात कोण बसले आणि का, हे मी साफ विसरलो होतो.

आता सांगून टाकतो. १९९१ ची संक्रांत. मी सहावीत, दादा नववीत. शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके मिळत ती मोठ्या वर्गांनाच, म्हणून हे पुस्तक दादाच्या नावावर होते. माझा पतंग सारखा गोते खात होता. त्याला शेपटी हवी होती, रद्दी खाली माजघरात होती, आणि पुस्तक शेजारीच पडले होते. पहिली चार पाने गेली.

पुस्तक परत करताना दादाला दंड झाला आणि वर्षभर पुस्तक मिळाले नाही. त्याने घरी मला एकदाच विचारले. मी मान हलवली. दोन वर्षांची सुट्टी कसली, दादाच्या वाचनाला तेव्हापासून कायमचीच सुट्टी मिळाली, असे मला पुष्कळदा वाटले आहे. पण तेव्हा मी विषय बदलत असे.

यंदा गणपतीला दादा नाशिकहून आला. आरती झाल्यावर मी ते इंग्रजी पुस्तक त्याच्यापुढे ठेवले आणि सारे सांगितले. फार बोलावे लागेल अशा तयारीने बसलो होतो.

दादाने पुस्तक उलटसुलट करून पाहिले.

"दंडाचे काही आठवत नाही बुवा," तो म्हणाला. "पण एवढ्याशा पतंगाला चार पानांची शेपटी? अरे, जड नाही का होणार? मी तेव्हाच म्हणणार होतो."

मग त्याने खिशातून चष्मा काढला आणि पहिले पान उघडले.