पहिली नोकरी आणि तुटलेला धागा

तरुण मुलगा पहिल्या नोकरीस निघाला म्हणजे वडीलधाऱ्यांस उपदेशाचा उमाळा येतो, आणि गाडी स्टेशनाबाहेर पडण्यापूर्वीच मुलगा तो विसरतो. आमचा भाचा गेल्या आषाढात हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत रुजू व्हावयास निघाला. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जावयाचे म्हणून आदल्या सायंकाळी नमस्कारास आला व म्हणाला, "मामा, तिथे कामाचा ताण फार असतो म्हणतात. कसे निभावावे?" उपदेशाऐवजी आम्ही त्यास आमची एक चूक सांगितली.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली, आणि पुढे कित्येक पिढ्या हे गाव गिरणीच्या भोंग्यावर उठत होते. १९७४ साली आम्ही अशाच एका गिरणीच्या पगारखात्यात कारकून म्हणून लागलो. विणकरांची मजुरी कामाच्या मापावर. पगाराच्या आदल्या रात्री शेकडो आकडे उतरावयाचे. दुसऱ्याच महिन्यात घाईने आम्ही एका विणकराच्या नावापुढे तीस रुपये कमी मांडले. घरी आल्यावर चूक ध्यानात आली. परंतु नोकरी जाईल ह्या भयाने आम्ही गप्प राहिलो. कापडात दोष निघाला म्हणून पैसे कापले असतील, असे समजून तोही गप्प राहिला, आणि मुलाच्या औषधासाठी त्याने व्याजाने पैसे काढले.

हे तीन आठवड्यांनी आमच्या कानी आले, तेव्हा अन्न गोड लागेना. हेडक्लार्कांपुढे जाऊन सर्व सांगितले. विणकरास रक्कम त्याच दिवशी मिळाली. व्याजाचे पैसे आम्ही पदरचे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. आमची नोकरीही राहिली. हेडक्लार्क एवढेच म्हणाले, "चूक कोणाचीही होते. पण ती कळूनही तू तीन आठवडे निजलास कसा?" ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी आजही नाही.

मागावरील उभा धागा तुटला की विणकर माग थांबवितो, गाठ मारितो व पुन्हा चालू करितो. त्यात त्यास कमीपणा वाटत नाही. न थांबविल्यास तो दोष पुढच्या साऱ्या कापडात उतरत जातो, हे तो जाणतो.

भाच्यास आम्ही म्हटले, "तूही चूक दिसताच माग थांबव. त्याच दिवशी वरिष्ठांस सांग. काम झेपत नसेल तर ते मुदत उलटण्यापूर्वी सांग. जे समजत नाही ते पहिल्या महिन्यातच विचार आणि वहीत टिपून ठेव. गिरणीकामगारास निदान भोंगा होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली व जादा कामास दुप्पट मजुरी ठरविली. तुझे काम फोनमधून थेट उशाशी येणार. त्याला भोंगा नाही. म्हणून निजण्याची वेळ तूच पाळ. आणि सहा महिन्यांचा खर्च हळूहळू गाठीस बांध. नोकरी जाण्याचे भय कमी असले म्हणजे खरे बोलणे सोपे जाते."

श्रावणात त्याचा फोन आला. "मामा, माझ्या हातून मोठी चूक झाली. त्याच सायंकाळी साहेबांस सांगितली. बोलणी खाल्ली."

"मग?" आम्ही विचारले.

"मग काय! रात्री झोप लागली."