दगडाचं म्हणणं

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर मान वर करून उभा असलेला माणूस मुंबईकर नसतो, हे लांबूनही कळतं. मुंबईकराची नजर फलकावरच्या गाडीच्या वेळेवर असते. त्याला दोष देता येत नाही. नक्षी बघण्यापायी लोकल कोण सोडेल? पण त्याच्या डोक्यावर, १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीवर, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची पानंफुलं आणि पशुपक्षी भरून राहिलेत. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे ब्रिटनचा सिंह बसलाय, दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ.

अशा ठिकाणी गाइड आपल्याला सन सांगतो, वास्तुकाराचं नाव सांगतो, शैली सांगतो. ते सगळं हवंच. पण माझी सवय आधी दगड बघायची. तो कुठला, किती कठीण, छिन्नीला किती दाद देणारा, एवढं समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी इमारत आपण होऊन सांगते. मुंबईच्या त्या काळातल्या इमारतींच्या भिंती कुर्ला-मालाडकडच्या दगडाच्या किंवा काळ्या बेसॉल्टच्या असतात आणि नाजूक कोरीवकाम बहुतेक पोरबंदरच्या चुनखडीत केलेलं असतं. भार पेलायला एक दगड, मिरवायला दुसरा. हायकोर्टातलं एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, तराजू धरलेलं माकड प्रसिद्ध आहे. ते कोरणाऱ्याच्या मनात न्यायाधीशांबद्दल काय होतं याच्या कथा पुष्कळ सांगतात. मला त्या कथांपेक्षा दगडी माकडाची ती बेरकी बैठक जास्त आवडते.

घाट चढून देशावर आलं की निवडीला वाव उरत नाही. सगळीकडे लाव्ह्याचा काळा पाषाण, थरावर थर. कैलास लेणं याच पाषाणात वरून खाली खोदत आणलं. तिथे रचायचं काही नव्हतं, नको तेवढं काढून टाकायचं होतं. एकदा उडालेला कपचा परत बसत नाही, हे मनात ठेवून ते लेणं बघावं. मग भव्यता मागे पडते आणि त्या माणसांच्या धीराची थोडी भीती वाटू लागते.

कोल्हापूर जिल्ह्यात, कृष्णाकाठी खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. गोल मोकळं आकाश, खाली तेवढीच गोल शिळा आणि भोवती खांबांची वर्तुळं. आतले खांब असे गोलाईदार आणि गुळगुळीत, की दगड चरकावर फिरवून उतरवल्यासारखा वाटतो. बाहेर पायाशी हत्तींची रांग आहे, सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभी. लोक स्वर्गमंडपात फोटो काढतात आणि हत्तींकडे पाठ करून परततात. माझा मात्र सगळा वेळ हत्तींपाशीच जातो. बऱ्याचजणांच्या सोंडा तुटल्यात, तरी प्रत्येकाची उभं राहण्याची ढब निराळी आहे. इतक्या खाली, जिथे क्वचितच कोणी वाकून बघणार, तिथे हे वेगळेपण राखायची कारागिराला काय गरज होती?

मोठ्या देवळांची नावं पुस्तकांत तरी असतात. वीरगळाला तेही नसतं. मारुतीच्या पाराला टेकून, नाही तर वेशीजवळ अर्धा गाडलेला हा दगड गावोगाव दिसतो. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढून पडलेला वीर, त्याच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा आणि सर्वांत वर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई आहे. गावात मात्र वीरगळावर शेंदराची इतकी पुटं चढलेली असतात की घोडा कुठला आणि स्वार कुठला, कळू नये. अभ्यासक हळहळतात. मीही हळहळतो, पण अर्धवटच. शेंदूर लागतो म्हणून तो दगड पायरीत किंवा बांधात चिणला गेला नाही, हेही खरं.

कोकणात उतरलं की दगड हात आखडता घेतो. जांभा खाणीत मऊ असतो, कुऱ्हाडीनं चिरे काढता येतात आणि उघड्यावर तो टणक होतो. घरासाठी याहून सोयीचं काय हवं? पण अंगभर छिद्रं, त्यामुळे बारीक नक्षी तो धरत नाही. मग हाताची हौस लाकडाकडे वळली, आणि कावीकडे. गोवा, सिंधुदुर्ग, खाली कारवारपर्यंत देवळांच्या भिंतींवर ही कला दिसते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार अवजारानं खरवडून आतला पांढरा रंग वर आणायचा. वेली, मोर, पुराणातले प्रसंग, सगळं दोनच रंगांत. आता जीर्णोद्धारात या भिंती पाडून सिमेंटच्या बांधतात, वर टाइल बसवतात. टाइल पुसायला सोपी असते. या युक्तिवादापुढे माझं काही चालत नाही.

सिमेंट आलं आणि दगडाचं म्हणणं ऐकायची गरजच संपली. सुरुवातीला मात्र तेही कलेला घेऊन आलं होतं. मुंबईच्या फोर्टात १९३६ सालची न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत आहे. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी घडवलेली कष्टकरी माणसं आहेत, आणि विमा कंपनीच्या भिंतीवर ती अजिबात उपरी वाटत नाहीत. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या इमारती, मरीन ड्राइव्हची घरं याच सुमाराची. जहाजाच्या डेकसारख्या गोल बाल्कन्या, दारांच्या जाळ्यांवर उगवत्या सूर्याचे किरण.

आज खिद्रापूरच्या वाटेवरचं नवं घर आणि कल्याणचं नवं घर यांत फरक सापडत नाही. तरी खेड्यात स्लॅबच्या घरांपुढून जाताना मी खिडक्यांच्या ग्रिल बघत जातो. सूर्याचे तेच किरण, आता चौरस गजात. एका तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात मी विचारलं, ही नक्षी कुठून आणली? दुकानदारानं मशीन बंद केलं, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "आमच्या वडलांपासून हीच चालतीय. तुम्हाला दुसरी हवी असंल तर किलोमागं जादा पडतील."