झारची सावली

ऐतिहासिक चित्रपट म्हटला की आपली सारी भिस्त संवादांवर. राजाच्या मनातली कालवाकालव राजानेच बोलून दाखवायची आणि छायालेखकाने त्याचा चेहरा तेवढा नीट उजळायचा. सर्गेई आयझेन्स्टाइनचा ‘इव्हान द टेरिबल’ ही वाटणी मोडतो. प्रकाशयोजना करणाऱ्यांनी तो बघावा तो याचसाठी. पहिल्या भागात इंग्लंडला धाडायच्या दूताशी इव्हान बोलतो, तो प्रसंग घ्या. बोलणे सगळे मुत्सद्देगिरीचे, ठाम. पण मागच्या भिंतीवर त्याच्या डोक्याची अवाढव्य सावली पडली आहे, शेजारी खगोलयंत्राच्या कड्यांची. दूत त्यापुढे किरकोळ दिसतो. दिवा माणसाजवळ आणला की सावली फुगते, हे कुठलाही लाइटमन जाणतो. छायालेखक आंद्रेई मोस्कविनने एवढ्याशा गोष्टीतून राज्याचा पसारा आणि त्यात एकटा पडलेला माणूस एकाच फ्रेममध्ये बसवला. त्यात दारे इतकी बुटकी, की झारलाही वाकूनच आत यावे लागते.

इव्हान झालेल्या निकोलाय चेर्कासोवचा अभिनय नाटकी आहे, असे म्हणतात. आहेच. मान ताणून, डोळे फिरवून कोणी राज्य करत नाही. पण कमानींच्या आणि सावल्यांच्या त्या गर्दीत सहज अभिनय विरून गेला असता. तिथे शरीरालाही रेषेसारखेच वळावे लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चुलतभाऊ व्लादिमीरला 1569 मध्ये इव्हाननेच मारवले. चित्रपटात मात्र तो झारच्या वेशात, झार समजून मारला जातो. इथे पटकथा इव्हानला झुकते माप देते, हे कबूल करायलाच हवे. प्रकाश मात्र देत नाही. दुसऱ्या भागातल्या मेजवानीचे लालभडक रंग ओसरून चित्र पुन्हा कृष्णधवल होते आणि व्लादिमीर कॅथेड्रलच्या अंधारात शिरतो, तेव्हा हा सापळा कोणी लावला याबद्दल शंका उरत नाही.

प्रकाश झारची बाजू घेत नाही, याचा सर्वांत भक्कम पुरावा चित्रपटाच्या विरोधकांनीच दिला. फेब्रुवारी 1947 मध्ये क्रेमलिनमध्ये आयझेन्स्टाइन आणि चेर्कासोव यांना दुसऱ्या भागाबद्दल बोलावून घेतले गेले. झार हॅम्लेटसारखा डळमळीत झालाय, ही स्टालिनची तक्रार. दिग्दर्शकाला सावल्यांचा फार सोस आहे, ही पक्षनेता झ्दानोवची. दोन्ही तक्रारी मुळात एकच आहेत, असे मला वाटते. संवाद बदलता आले असते, सावल्या कापल्या तर चित्रपटच उरला नसता. आयझेन्स्टाइन 1948 मध्ये गेला, तोवर दुसऱ्या भागात काहीच बदल झाला नव्हता. हा भाग 1958 मध्ये प्रदर्शित झाला, सावल्यांसकट.