ट्रॅक्टरचे खूर

मंडळी, बैल घ्यायचा म्हटला की आपण दात बघतो, खूर बघतो, दहा पावले चालवून बघतो. जुन्या ट्रॅक्टरचा सौदा निघाला की मात्र सगळे इंजिनाला कान लावतात. चाकापाशी कोणी वाकत नाही. म्हणून आज खुरांविषयी बोलतो.

हवेचा टायर ज्याने चालता केला, तो डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता, हे तुम्हांला ठाऊक आहे का? १८८८ साली बेलफास्टला त्याने पोराच्या तीनचाकीला रबर चढवले. ट्रॅक्टरला ते मिळायला अमेरिकेतही १९३२ उजाडले. त्याआधी लोखंडी चाके, अन् बसणाऱ्याची हाडे खिळखिळी.

आमचे हिवरे बाजार नगर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव पार मोडले होते. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचकीत डोंगराला चर पडले, कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाणी टिकले तसा कांदा वाढला, दूध वाढले, ट्रॅक्टर आले. सकाळी नांगर, दुपारी डांबरी सडकेवर ट्रॉली. टायरचे मरण इथेच आहे. मागच्या टायरच्या उंच तिरक्या पट्ट्या मातीत रुतून ओढ घ्यायला केलेल्या असतात. तापल्या डांबरावर त्या खडूसारख्या झिजतात. ज्याचे काम जास्त वाहतुकीचे, त्याने दुकानात ते आधी सांगावे. बुटक्या, रुंद पट्ट्यांचा टायर त्याला जास्त पुरतो. चिखलणीवाल्याने तो घेऊ नये.

हवेचे म्हणाल तर मागच्या टायरला शेतात साधारण बारा-चौदा पौंड पुरतात. जास्त भरली की टायर टणक होतो, चाक जागीच फिरते, डिझेल जळते, खालची माती दगडासारखी दबते. ओझे घेऊन सडकेला लागताना मात्र वाढवावी. नक्की आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. पंक्चरवाल्याच्या अंगठ्यावर जाऊ नये. मोजायची ती सकाळी, टायर गार असताना. दुपारी काटा फुगलेलाच दिसणार.

काही जण ओढ मिळावी म्हणून टायरात पाणी भरतात. १३.६-२८ मापाच्या एका टायरात दीड-पावणेदोनशे लिटर सहज जाते. आमच्या गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात, तेव्हा असे आकडे आम्हांला आपोआप पाठ होतात! पण पाणी भरलेला ट्रॅक्टर जड. सडकेवर तो वेगात दामटू नये.

मागल्या वर्षी कांदा काढणीच्या तोंडावर आमच्या उजव्या टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आला. आतले धागे तुटले की असा फुगा येतो. रिमोल्डवाला वरची पट्टी नवी चढवतो, कुशीतले धागे जोडत नाही. जोडी नवी घ्यायला पैसे नव्हते. एकच घ्यावा तर एक नवा उंच, एक जुना गोटा. मग डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही घासत राहते. दावणीला गाभण कालवड होती. थोरला म्हणाला, “दादा, कालवड काढू.” धाकटा म्हणाला, “चार खेपा निघतील अजून.” ट्रॉलीवर बसणारा तोच होता.

कारभारीण भाकरी थापत होती. ती म्हणाली, “अवो, कालवड इकायची न्हाई. आन् त्या टायरावर माझं पोर बी बसायचं न्हाई. टेंपो करा.”

टेंपोचे भाडे जड गेले. कांद्याच्या पट्टीतून ते गेले, उरल्यातून आणि दुधाच्या पगारातून दिवाळीत जोडी आली. कालवड आज दोन्ही वेळा दूध देते. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात चार वर्षे पडलेला टायर नव्या भावाने घेऊ नये.

शहरात बांधकामावर लांब हात काढून माल वर चढवणारे यंत्र दिसते, टेलिहँडलर म्हणतात. त्याला बहुधा स्प्रिंगा नसतात, टायरच त्याची गादी. एका बाजूचे टायर बोटभर खचले तर दोन-तीन पुरुष उंचीवर तो हात त्याहून जास्त कलतो. तुमच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर असेल, तर हेच गणित तुम्हांलाही लागू आहे. वैरण उंच उचलण्याआधी चारी चाकांभोवती एक फेरी मारा.

आणि कुऱ्हाडबंदीने आमच्याकडे बाभळी वाढल्या, तसे काटेही वाढले. संध्याकाळी पोरांना पक्कड देऊन काटे काढायला बसवावे. ट्रॅक्टर सावलीला लावावा, टायरखाली डिझेल सांडू देऊ नये, आणि खूप दिवस उभा राहणार असेल तर आस ठोकळ्यांवर घ्यावा.