खिचडीची घंटा

शाळेतल्या खिचडीची चेष्टा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. "गुरुजी, शाळा चालवताय का खानावळ?" असं एसटी स्टँडवर विचारणारे भेटले. "फुकट खाऊ घालून पोरांना लाचार करायचं," असं म्हणणारे तर आमच्या नात्यातच आहेत (पुण्याच्या भाचेमंडळींनो, हे तुम्हालाच बरं का!). तोंडी वाद घालताना माझा आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून आज सावकाश लिहितो.

आमचं लोणी देवकर पुणे-सोलापूर हायवेवरचं. इंदापूरची एमआयडीसी आमच्याच शिवारात, तालुक्याला उजनीचं पाणी, जिकडे बघाल तिकडे ऊस. बाहेरच्याला वाटतं, इथे कोण उपाशी असणार? पण ऊस काही आपल्या पायांनी कारखान्यात जात नाही. दिवाळीच्या सुमाराला बीड, नगरकडच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात. बाई पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापते आणि अंधारातच नवराबायको फडात जातात. मागे राहिलेलं पोर धाकट्याला सांभाळतं, आणि शाळेत आलंच तर बहुतेक वेळा पाण्याचा घोट घेऊन येतं. गावातल्या मजुरांच्या घरची सकाळही फार निराळी नसते.

इतक्या वर्षांच्या मास्तरकीत एक गोष्ट पक्की कळली. उपाशी पोर रडत नाही. ते गप्प बसतं, जांभया देतं, तिसऱ्या तासाला दप्तरावर डोकं टेकवतं. नवखा मास्तर त्याला मठ्ठ म्हणतो. त्याच पोराला दुपारी जेवल्यावर पाढे विचारून बघा!

आता योजनेचा इतिहास थोडक्यात. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की मुलाला ३ किलो तांदूळ मिळायचा. पिशवी घरी जायची. घरात खाणारी सहा-सात तोंडं, मग ३ किलो पुरणार किती? ज्याच्या हजेरीवर तांदूळ आला त्याच्या वाट्याला चार घास. त्यात आईबापांची चूक काही नव्हती. घरात आलेलं अन्न घराचंच असतं.

मग २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की प्राथमिक शाळेत शिजवलेलं अन्नच द्या. हळूहळू आपल्याकडेही खिचडी शिजू लागली. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, सोबत डाळ किंवा कडधान्य, तेल, भाजी. लहानांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० आणि २० ग्रॅम, असा हिशेब. २०२१ मध्ये योजनेचं नाव बदलून 'पीएम पोषण' झालं, पण पोरं अजून खिचडीच म्हणतात.

एक मुलगी आठवते. तोडणीवाल्यांची, कडेवर धाकटा भाऊ घेऊन यायची. ताटातलं निम्मं खायची, निम्मं भावाला भरवायची. आमच्या स्वयंपाकाच्या बाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दुसरं ताट वाढलं. मी हिशेबाच्या वहीकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "गुरुजी, पोराचं नाव पटावर नाही, पण पोट तर हाय ना?" यावर मी काय बोलणार!

जेवणाबरोबर पंगतही आली, ही गोष्ट लोक विसरतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवत. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पुस्तकाच्या आधी भाकरी लागते हे त्या माउलीला कळलं होतं. जेवून ती मुलं लाचार झाली का? शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली!

आता आजचं बोलू. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. पोरं खूश. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला आणि अंडी हवी असतील तर लोकसहभागातून द्या, असं सांगण्यात आलं. लोकसहभाग चांगलाच. पण ज्या गावात सहभाग द्यायची ऐपत कमी, नेमकी तिथल्याच पोरांना अंड्याची गरज जास्त, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही का? स्वयंपाक करणाऱ्या बायांचं मानधन केंद्राने २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवलं. राज्याने त्यात भर घातली, तरी रोजची मजुरी त्याहून बरी. आणि आठवी झाली की ताट बंद. नववीतल्या पोराला, ऐन वाढीच्या वयात, भूक लागत नाही की काय?

तिकडे तामिळनाडूने २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही सुरू केला. आपल्या साखरपट्ट्याला तर तो आधी हवा होता.

तेव्हा भाचेमंडळी, यंदा वाढदिवसाच्या केकचे पैसे गावच्या शाळेला अंड्या-केळ्यांसाठी द्या, मी नको म्हणणार नाही. पण तेवढ्यावर भागलं असं समजू नका. आमदार मत मागायला येतील तेव्हा रस्त्याबरोबर या ताटाचंही विचारा. पोरांना मत नसतं, त्यामुळे त्यांच्या वतीने आपणच विचारायला हवं.