दोन वाजून अकरा मिनिटं

डिसेंबर २०२२ मधला एक शनिवार. पहाटेचे पावणेपाच. पुण्यातली शहाणी माणसं या वेळी दुलईत असतात. मी मात्र कात्रजजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, कानटोपी घालून, प्लास्टिकच्या टेबलामागे उभी होते आणि एकेका सायकलचे दिवे लावून बघत होते. पुढचा लागतो का? मागचा लाल? रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आहे? सही इथे करा, सर. नेक्स्ट!

याचे पैसे मिळतात का, असं विचारणार असाल तर अजिबात नाही. उलट थर्मास माझा, त्यातला चहा माझा, आणि थंडीने लाल झालेलं नाकही माझंच.

सायकलवाल्यांच्या जगात या भानगडीला ‘बीआरएम’ म्हणतात. पूर्ण नाव फ्रेंच आहे, ‘ब्रेव्हे दे राँदोनर माँदिओ’. (दोन वर्षं झाली, माझी जीभ अजून तिथे पंक्चर होते.) पॅरिसमधला ऑडॅक्स क्लब पॅरिसियन हा १९०४ पासूनचा क्लब. त्यांच्या नियमांनी जगभर या राइड्स होतात, आपल्याकडे ऑडॅक्स इंडियाच्या छत्राखाली. गणित सोपं आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. चारही एकाच सीझनमध्ये पूर्ण केलेत, की तुम्ही ‘सुपर राँदोनर’. ही रेस नाही. पहिला नंबर नाही, दुसरा नाही. सर्वांत आधी येणाऱ्याला आणि सर्वांत शेवटी येणाऱ्याला मेडल एकच, आणि तेही आपले पैसे भरून मागवायचं!

वाटेत ठरावीक ठिकाणी ‘कंट्रोल’ असतात. तिथे आपल्या ब्रेव्हे कार्डवर वेळ आणि शिक्का घ्यायचा. माणूस नसेल तिथे एटीएमची स्लिप किंवा दुकानाचं बिल हा पुरावा. मागून स्वतःची गाडी आणायची नाही. पंक्चर आपलं आपण काढायचं. रायडर्सनी एकमेकांना मदत केलेली मात्र चालते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी यात पडले ती लॉकडाउनमुळे. २०२० मध्ये अर्ध्या पुण्याने केळ्याचा केक केला आणि उरलेल्या अर्ध्याने सायकल घेतली. मी दोन्ही केलं. केक फसला, सायकल टिकली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये पहिली ३०० ची बीआरएम केली, म्हणजे करायला गेले. परतीच्या वाटेवर शिरवळपाशी पायांनी राजीनामा दिला आणि मी टोमॅटोच्या टेम्पोतून, क्रेट्सवर आडवी टाकलेली सायकल धरून, पुण्यात आले. कार्डवर ‘डीएनएफ’. डिड नॉट फिनिश. ऑफिसमध्ये अप्रेझल खराब आलं, की निदान कारण तरी देतात. इथे तीन अक्षरं, बस्स.

पण त्या रात्री कंट्रोलवरच्या एका मुलीने मला चहा दिला. ‘अरेरे’ म्हणाली नाही, की ‘नेक्स्ट टाइम’ म्हणाली नाही. फक्त विचारलं, “साखर किती?” मला वाटतं, व्हॉलंटिअर व्हायचं मी तिथेच ठरवलं.

व्हॉलंटिअर होणं म्हणजे टी-शर्ट घालून टाळ्या वाजवणं, असा माझा समज होता. कसलं काय! आधी रूट. आमचा रस्ता पुणे, कात्रजचा जुना घाट, खंबाटकी, सुरूर, सातारा आणि उंब्रजच्या अलीकडून परत. जाताना खंबाटकीचा घाट चढायचा, येताना बोगदा. येताना नवीन कात्रज बोगद्यातून आलं तर चढ वाचतो, पण पुढे नवले पुलाचा उतार येतो. तिथल्या अपघातांच्या बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. तीनशे किलोमीटर मारून पेंगुळलेल्या माणसाला मध्यरात्री ट्रकच्या गर्दीत त्या उतारावर सोडायचं नाही, यावर आमची मीटिंग पाच मिनिटांत संपली. चढ पडला तरी चालेल, पण रस्ता जुन्या घाटानेच.

मग पोलिसांना पत्रं, रजिस्ट्रेशन, इमर्जन्सी नंबर आणि एक अजस्र एक्सेल शीट. कोण कुठल्या कंट्रोलला किती वाजता पोचलं, कोणी सोडलं, कोणाचा फोन लागत नाही. आमचा ऑर्गनायझर आयटीत आहे. तो म्हणाला, “मीडियावाल्या बाई, तुमच्या डेडलाइनसारखं नसतं हं हे. इथे एक्स्टेन्शन नाही.” मी हसले. फ्रीलान्सर आहे मी, एक्स्टेन्शनवर जगते!

व्हॉलंटिअर त्या दिवशी टेबलामागे असतात, म्हणून त्यांना तोच रूट आधी करता येतो. मी आणि माझी मैत्रीण आदल्या वीकेंडला निघालो. जाताना मस्त होतं. खंबाटकीच्या वर ऊन अंगावर आलं, साताऱ्यात मिसळ झाली, वळायच्या ठिकाणी सेल्फी झाले. परतीला मात्र सूर्य गेला आणि सगळं बदललं. घाम थंड होतो आणि जॅकेटच्या आत फ्रिज उघडल्यासारखं वाटतं. थांबलं तर थंडी, चालवलं तर गुडघे. कात्रज चढताना मी दिव्याच्या उजेडात फक्त रस्त्यावरची पांढरी पट्टी बघत होते आणि मनात भागाकार करत होते. उरलेले किलोमीटर भागिले उरलेले तास.

संपली तेव्हा रात्रीचे एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती. टाळ्या नाहीत, फोटो नाहीत. एटीएममध्ये जाऊन शंभर रुपये काढले, वेळ छापलेली स्लिप घेतली आणि तिथल्या ट्यूबलाइटखाली आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत सुटलो. वॉचमनने आम्हाला दरोडेखोर समजू नये म्हणून हेल्मेट काढलं, एवढंच भान होतं. ती स्लिप माझ्या पाकिटात आहे. शाई आता उडत चाललीय.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढच्या शनिवारी रात्री शेवटच्या कंट्रोलवर मी बसले, तेव्हा त्या सव्वीस मिनिटांची किंमत मला नक्की माहीत होती.

शेवटचा कंट्रोल म्हणजे कात्रजला बंद दुकानाची ओसरी. राइड सहाला सुटली, म्हणून हा कंट्रोल नियमाप्रमाणे दुपारी तीनला उघडतो आणि रात्री दोनला बंद होतो. पहिला रायडर साडेसहाला आला, एक केळं खाऊन गेलासुद्धा. नऊनंतर रांग लागली. कुणी येऊन सरळ फरशीवर आडवं होई, कुणी बायकोला व्हिडिओ कॉल लावून रडे. एकाने पाच ग्लास चहा घेतला आणि सहाव्यात बिस्किटाऐवजी स्वतःचा हातमोजा बुडवला. बाराच्या पुढे थंडी वाढली. मी आणि दुसरा व्हॉलंटिअर, दोघं एका शालीत.

एक वाजून अडतीस मिनिटांनी एक मुलगी आली. बावीस-तेवीसची असेल, पहिलीच ३००. कार्ड पुढे केलं आणि पहिला प्रश्न, “ताई, काका आले?”

कोण काका? मग कळलं. सुरूरजवळ तिच्या टायरमध्ये तार घुसली. फुटलेल्या ट्रक टायरमधल्या केसाएवढ्या तारा हायवेच्या कडेला पडलेल्या असतात, सायकलच्या त्या शत्रू नंबर एक. तिच्याकडचा स्पेअर ट्यूब आधीच संपला होता. मागून पन्नाशीतले एक काका आले, त्यांनी आपला ट्यूब दिला, बसवूनही दिला. “माझ्याकडे आहे अजून,” म्हणाले. नव्हता. शिरवळच्या पुढे त्यांचं स्वतःचं पंक्चर झालं, तेव्हा मोबाइलच्या टॉर्चमध्ये पॅच लावत बसले होते. तिला म्हणाले, “तू हो पुढे, थांबू नकोस.”

एक्सेल शीटमध्ये मला काका सापडले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कारखान्यात शिफ्ट ड्यूटी. सकाळी सायकल तपासताना ते माझ्याशी बोलले होते. त्यांना पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचं होतं. १२०० किलोमीटर, नव्वद तास, चार वर्षांतून एकदा. पुढची ऑगस्ट २०२३ मध्ये. ती १८९१ मध्ये एका वृत्तपत्राच्या संपादकाने सुरू केली, हे मी त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. तिथे जायचं तर त्या सीझनच्या चारही राइड्स हव्यात. २०० त्यांची झाली होती. आज ३००.

पावणेदोन. एक पंचावन्न. दोन.

आम्ही सगळे रस्त्याच्या मधोमध उभे राहून घाटाकडे बघत होतो. दिवा दिसला, की ती मुलगी ओरडायची आणि मोटारसायकल निघून जायची.

दोन वाजून अकरा मिनिटांनी काका आले. उतरले, सायकल भिंतीला टेकवली, हातमोजे काढले, खिशातून कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. घड्याळाकडे बघितलंही नाही.

पेन माझ्या हातात. कार्डवर वेळेची जागा रिकामी.

“ताई,” मुलगी हळूच म्हणाली, “एक अठ्ठावन्न लिही ना. कोण बघतंय?”

खरंच कोणी बघत नव्हतं. ऑर्गनायझर चाळीस तासांच्या जागरणानंतर गाडीत झोपला होता. पॅरिसमधल्या कुणाला कात्रजच्या ओसरीवर रात्री किती वाजले होते हे कळणार नव्हतं. आणि हा माणूस वेळेत आला असता, जर तो भला नसता तर. असा विचार करा, तुम्ही काय लिहिलं असतं?

मला वाटत होतं, की काकाच काहीतरी बोलतील. सिनेमात बोलतात तसं. ‘बेटा, खरी वेळ लिही.’ म्हणजे मी सुटले असते. ते काही बोलले नाहीत. दमले होते आणि मला वाटतं, थोडी आशाही होती. ती मला दिसली, आणि तेच सर्वांत कठीण होतं.

मी विचार केला तो इतकाच, की संध्याकाळी दोघांनी फोन करून राइड सोडल्याचं कळवलं होतं, कारण वेळेत होणार नाही हे त्यांना दिसत होतं. आणि आदल्या वर्षी टोमॅटोच्या क्रेट्समध्ये बसून मीही तोच भागाकार केला होता. घड्याळ सगळ्यांना एकच होतं. त्यातली तेरा मिनिटं माझ्या मालकीची नव्हती, वाटायला.

मी ०२:११ लिहिलं.

मुलगी माझ्याशी बोलायची थांबली. तिचा स्वतःचा फिनिश तिला नकोसा झाला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. काकांनी कार्ड बघितलं, “बरं” म्हणाले. मी विचारलं, “साखर किती?” त्यांनी मान हलवली आणि चहा न घेता निघून गेले.

घरी येऊन मला झोप लागली नाही. नियम पाळून आपण मोठे की छोटे झालो, हे ठरेना. आई सकाळी म्हणाली, “एवढं कडक कशाला वागायचं गं? सायकलच तर आहे.” तिचंही चूक नव्हतं.

दहा दिवसांनी ऑर्गनायझरने शीट पाठवली. पुढच्या ३०० चं रजिस्ट्रेशन. काकांचं नाव होतं. खाली त्या मुलीचं, व्हॉलंटिअरमध्ये. फेब्रुवारीत काकांनी ती राइड पूर्ण केली, एक तास वीस मिनिटं हातात ठेवून. सॅडल बॅगेत चार ट्यूब होते म्हणे. पॅरिसला मात्र ते गेले नाहीत. मुलीचं लग्न ठरलं, रजा आणि पैसे तिकडे गेले. “२०२७ आहे की,” असं म्हणतात. तोपर्यंत ते रिटायर्ड असतील, वेळच वेळ!

त्यानंतरच्या सीझनला आमच्या ग्रुपवर कंट्रोल वाटून घ्यायची वेळ आली. रात्रीचा शेवटचा कंट्रोल नेहमीप्रमाणे कुणालाच नको होता. काकांचा मेसेज आला, “कात्रज मला द्या. नाइट शिफ्टची सवय आहे.” आणि दोन मिनिटांनी दुसरा, “चहा मी आणीन. बिनसाखरेचा वेगळा.”

तेव्हा कुठे मला कळलं, त्या रात्री त्यांनी मान का हलवली होती ते. डायबेटिस आहे त्यांना. आणि मी वर्षभर समजत होते, की ते माझ्यावर रागावलेत!