शिनोलीचा माठ

आमची गाडी तयार होऊन दारात आली, त्या दिवशी शेजारच्या मंडळींनी तिच्यातील घडीचे पलंग पाहिले, स्वयंपाकाचा ओटा पाहिला, छपरावरील सौरपट्टी पाहून कौतुक केले. सासूबाईंनी मात्र सर्व पाहून झाल्यावर एकच प्रश्न विचारला, "हे सगळं खरं, पण पाणी कुठं गाळायचं?"

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळही नव्हते. यजमान सेवानिवृत्त झाले होते आणि महाराष्ट्र पायाखाली घालावयाचा हे त्यांचे जुने स्वप्न होते. शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून तर त्यांनी ध्यासच घेतला. एका जुन्या टेम्पोमध्ये संसार बसविण्यात आला. पण त्यांना मधुमेह, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागे. आणि सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या, व्रती. उकळलेल्या पाण्यावाचून पाणी नाही, मर्यादेबाहेरचे पीठ नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही. त्यांना सांगलीस एकटे ठेवून जाणे आम्हा दोघांनाही मान्य नव्हते. म्हणजे एकाच्या औषधाला अखंड गारवा हवा आणि दुसऱ्याच्या व्रताला अखंड ताजेपणा, अशा दोन अटींवर आमचे चाकावरचे घर उभे राहावयाचे होते.

पाण्याचा प्रश्न सासूबाईंनीच सोडविला. गाडीच्या तळाशी शंभर लिटरची पोलादी टाकी होती. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन, हे चढावर गाडी कुंथू लागली की लक्षात येते! नळीने टाकी भरावी आणि नंतर गाळावे, असा आमचा सोपा विचार होता. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि जीवाणी? ती काय पुढच्या गावच्या विहिरीत टाकणार? ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात गेले पाहिजेत." तेव्हापासून जेथे पाणी घ्यावयाचे तेथेच, टाकीच्या तोंडाशी नव्हे तर विहिरीच्या काठाशी, दुहेरी जाड सुती गाळण्यातून ते गाळावयाचे आणि गाळणे उलटे धरून गाळलेल्याच पाण्याने धुऊन ती जीवाणी अलगद त्याच विहिरीत सोडावयाची, असा शिरस्ता पडला. गाळलेल्या पाण्याची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटांची, म्हणून टाकीतून काढताना ते पुन्हा गाळावयाचे. पिण्याचे पाणी रोज सकाळी उकळावयाचे आणि आमच्या घरच्या परंपरेप्रमाणे चोवीस तासांत संपवावयाचे. उरलेच तर ते पुन्हा उकळून पिण्यास घेत नाहीत. त्याने भांडी धुवावयाची. पहिल्या आठवड्यात मी रोज तीन-चार लिटर जास्त उकळीत असे. दुसऱ्या आठवड्यात माझा अंदाज इतका नेमका झाला की संध्याकाळी पातेल्यात तांब्याभर पाणी उरे.

अन्नाचेही तसेच झाले. प्रवासात राहणारे लोक बटाटा, कांदा, लसूण यांच्या भरवशावर असतात, कारण हे कंद थंड पेटीवाचून आठवडेच्या आठवडे टिकतात. आमच्याकडे नेमके तेच वर्ज्य! त्यांच्या जागी लाल भोपळा आला. अखंड भोपळा कापला नाही तर महिना-दोन महिने सहज राहतो. कडधान्ये, पापड, सांडगे, कुरडया, खाकरे होतेच. दुधी ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीशी ठेवला तर तीन दिवस ताजा राहतो. पिठाची मर्यादा आम्ही हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची मानतो. म्हणून गहू-ज्वारी सोबत ठेवून लहान हातचक्कीवर लागेल तितकेच दळावयाचे. सूर्यास्तापूर्वी जेवण झाले की भांडी रिकामी. रात्रीसाठी राखून ठेवावे असे काही उरतच नसे.

यामुळे एक गंमत झाली. मोठ्या हौसेने घेतलेल्या चाळीस लिटरच्या विजेच्या शीतपेटीत इन्सुलिनच्या डब्याखेरीज ठेवण्यासारखे फारसे काहीच नव्हते. यजमान हसून म्हणत, "राजवाडा बांधला आणि आत एकच राजा!" पण तो राजा नाजूक होता. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वापरात घेतलेले सर्वसाधारणपणे चार आठवडे बाहेर चालते, पण तेही पंचवीस-तीस अंशांच्या आत. आणि ते गोठले तर पूर्णपणे निकामी होते.

वैशाखात आम्ही मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरच्या वाटेला लागलो. घोडेगाव मागे पडले की शिनोली लागते. पुढे डिंभे, आणि घोड नदीवरील धरणाचा तो विस्तीर्ण जलाशय. त्याला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिलेले आहे. ते याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले, ते मूळ गाव याच पाण्याखाली गेले. यजमानांना ते पाणी पाहावयाचे होते. शिनोलीच्या शिवारात एका शेतकरी कुटुंबाने आपल्या विहिरीशेजारी, जुन्या आंब्याखाली गाडी लावू दिली. पाणी जवळ, सावली दाट, सकाळी धारोष्ण दूध. धार काढताच ते गाळून लगेच उकळता येई, म्हणून सासूबाईही प्रसन्न. एक दिवसाचा मुक्काम तीन दिवसांचा झाला.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी यजमानांनी औषधासाठी शीतपेटी उघडली आणि ते तसेच थबकले. आतला दिवा लागला नाही. पेटीतील तापमापक ३१ अंश दाखवीत होता.

चूक आमचीच होती. जी सावली आम्हाला सुखाची वाटली, तिच्यातच सौरपट्टीही उभी होती. पट्टीतील घट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतील काहींवर जरी सावली पडली तरी साऱ्या पट्टीची वीज कमालीची घटते. येथे तर संपूर्ण छप्परच झाकलेले होते. उन्हाळ्यात आमची पेटी दिवसाला सुमारे चारशे वॅट-तास वीज खाई, शिवाय पंखा होताच. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी झाली. गाडीचे इंजिन चालवून ती भरता यावी म्हणून जी जोडणी करावी लागते, ती आम्ही खर्च वाचविण्यासाठी वगळली होती. आदल्या दिवशीच्या वळवाने गावातील वीजही गेलेली. शेतकऱ्याच्या घरचा फ्रीज बंद. डब्यात पुढील महिन्याचे औषध होते.

यजमानांनी सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "काही तासांनी एवढं बिघडणार नाही. पण आता हे उघडलेलंच समजा, चार आठवड्यांत संपवा, साखर रोज तपासा. आणि आजपासून तरी गार ठेवा." शेतकऱ्याचा मुलगा मोटरसायकल काढून उभा राहिला. "काकू, घोडेगावातून बर्फ आणतो, अर्ध्या तासाचं काम."

मी गप्प राहिले. बर्फ आपल्याकडे बावीस अभक्ष्यांत गणलेला. गोठविलेल्या पाण्याच्या त्या कणाकणात असंख्य जीवांची हिंसा मानलेली. गाडी सुरू झाल्यापासून सासूबाईंच्या देखत बर्फाचा खडाही आत आला नव्हता. एका बाजूस यजमानांचे औषध आणि दुसऱ्या बाजूस त्यांच्या आईचे व्रत, आणि मधे मी. माझी घालमेल त्यांना दिसली असावी. जपमाळ बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "अगं, बर्फ काय मी खाणार आहे? माझं व्रत माझ्या जिभेपुरतं. माझ्या व्रतासाठी पोराचं औषध वाया घालवलं, तर ते व्रत कसलं? जाऊ दे त्याला."

इतकी वर्षे त्यांचे नियम पाळताना मी मनातून थोडी वैतागलेली असे, हे येथे कबूल केले पाहिजे. नियम म्हणजे भिंत, असे मी समजत होते. त्या भिंतीला दार होते, आणि ते कोठे आहे हे त्यांनाच ठाऊक होते.

तेवढ्यात शेतकऱ्याची आई काठी टेकीत आली. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "बर्फ आणा बाई, पण मध्यरातीला त्याचं पाणी हुईल. मग काय करशाल? आमच्या दारात माठ हाय की." तिने मोठ्या तोंडाचा एक जुना माठ आणविला, तळाशी वाळू घातली, तीत लहान मडके बसविले, मधल्या फटीत वाळू भरली आणि वर ओले गोणपाट टाकले. वाळू भिजविण्यास सासूबाईंनी गाळलेले पाणी दिले. इन्सुलिन कोरड्या डब्यात बंद करून मडक्यात ठेवले आणि माठ वाऱ्याच्या वाटेवर, झाडाच्या बुंध्याशी ठेवला.

बर्फ आला, तो अर्धा वाटेतच वितळलेला. इन्सुलिनला त्याचा स्पर्श नको म्हणून तो एका पातेल्यात घालून मडक्याजवळ ठेवला. मध्यरात्रीपूर्वीच त्याचे पाणी झाले. माठ मात्र आपले काम करीत राहिला. रात्री नऊला आत सत्तावीस अंश, पहाटे चोवीस. शीतपेटीची सर त्याला नव्हती, पण डॉक्टरांनी घातलेली मर्यादा त्याने सांभाळली.

त्या रात्री झोप नव्हतीच. यजमान मला माठाचे गणित समजावीत बसले. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढली जाते. ती सारी पाण्यातूनच काढून घेता आली, तर पन्नासहून अधिक लिटर पाणी दहा अंशांनी थंड होईल. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने याच तत्त्वावर विटांच्या दोन भिंती आणि मधे ओली वाळू असा विजेवाचून चालणारा शीतकक्ष भाजी-फळांसाठी तयार केला. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी मातीचा फ्रीज घडविला. अट एकच, हवा कोरडी हवी. आषाढात, सह्याद्रीच्या या अंगाला दिवसेंदिवस धुके आणि पाऊस असताना हाच माठ नुसता ओला राहील, गार होणार नाही. "मग पावसाळ्यात कसं?" मी विचारले. अंधारातून सासूबाईंचा आवाज आला, "पावसाळ्यात मुनीही विहार थांबवतात. आपण घरी बसायचं."

दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात काढली. बॅटरी पुरती सावरावयास दोन दिवस लागले. तोवर माठ उन्हातही सोबतीला होता, फक्त त्याला गाडीच्या सावलीची बाजू दिली. निघताना त्या माउलीने तो परत घेण्यास नकार दिला. उलट सासूबाईंच्या ओट्यात वाळविलेले हिरडे घातले. हिरडा ही या डोंगराची संपत्ती. कितीतरी आदिवासी घरांना त्याचा आधार आहे. सासूबाईंना फार आनंद झाला, कारण हिरड्याची पूड घालून पाणी प्रासुक करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तसे पाणी सहा तास चालते. ज्या दिवशी इंधन संपत आले असेल त्या दिवसाची तजवीज झाली.

तेथून आम्ही जुन्नरला गेलो. मानमोडी डोंगरावरील अंबा-अंबिका लेण्यांत पुढील काळात कोरलेल्या आपल्या शासनदेवता आहेत, त्यांचे दर्शन घेतले. सासूबाई पायथ्याशीच थांबल्या. वर लेण्यांलगत कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहताना मला मावळातील पाले येथील लेण्याची आठवण झाली. अभ्यासकांनी जैन परंपरेतील मानलेला तेथील शिलालेख महाराष्ट्रातील अतिप्राचीन लेखांपैकी एक. अर्हंतांना वंदन करून त्यात सांगितले आहे ते एवढेच की, इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी हे लेणे करविले आणि त्यासोबत पोढी, म्हणजे पाण्याचे टाकेही करविले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या लेखाला लेण्याइतकेच पाणीही नोंद घेण्याजोगे वाटले होते. खाली येऊन मी हे सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग! मी पहिल्या दिवशी काय विचारलं होतं?"

आता शीतपेटीला इंजिनाची जोडणी करून घेतली आहे, आणि गाडी उभी करताना सौरपट्टीला ऊन मिळते का हे आम्ही आधी पाहतो. तरीही तो माठ गाडीत पुठ्ठ्याच्या बैठकीवर बसलेला असतो. शेवाळ धरू नये म्हणून दर तिसऱ्या दिवशी त्याला कोरडा करून ऊन दाखवितो. सासूबाई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना प्रवास सोसत नाही, म्हणून त्या धाकट्या दिरांकडे राहतात आणि आमच्या फेऱ्याही चार-आठ दिवसांच्या झाल्या आहेत. रोज संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी, त्यांचा फोन येतो. यजमानांची साखर किती, हे त्या नंतर विचारतात. पहिला प्रश्न अजूनही तोच असतो, "आज पाणी कुठं गाळलं?"